मोरीतलं गाणं

लक्ष्मीपुरीच्या वळणावर चपलेचा तुटलेला अंगठा शिवायला देऊन लीला एका पायावर भार टाकून उभी होती, तेव्हा शेजारच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातून आधी यंत्रमागांचा खडखडाट ऐकू आला. शनिवारची दुपार होती, कॉलेजचं ऑफिस अर्ध्या दिवसानं सुटलेलं, रस्त्यावर ऊन पसरलेलं. तिला वाटलं, दुकानातला कुठला तरी रेडिओ बिघडला असेल. मग त्या खडखडाटावर हलगी चढली, हलगीच्या पाठोपाठ विजेच्या गिटारचा ओरखडा काढल्यासारखा लांब सूर आला, आणि एक घोगरा आवाज, काही घाई नसल्यासारखा, गाऊ लागला:

शंभर पोरांचा मास्तर बाई, गावात मोठी पत,
पाठीवर माझ्या पाढं लिवितो, दमत न्हाई हात.

लीलाचा हात आपोआप मागं गेला आणि तिनं पाठीवरचा पदर ओढून घेतला. ऊन असूनही पाठीवरून गार पाण्याची धार सरकत खाली गेल्यासारखं झालं. आवाज तिनं लगेच ओळखला होता. चार वर्षं ती ज्या रस्त्यानं जायचं टाळत होती, त्या रंकाळ्याच्या काठावर बसून गाणाऱ्या नृसिंहाचा, तिच्या धाकट्या भावाचा तो आवाज. पण शब्द ओळखायला तिला थोडा वेळ लागला, कारण ते शब्द तिनं कोरडे असे कधी ऐकलेच नव्हते. त्यांच्यामागं नेहमी पाणी असायचं. बंबातून बादलीत पडणारं कढत पाणी, पत्र्याच्या दारावर साचून ओघळणारी वाफ, आणि त्या वाफेत कुठं तरी, दिसेल न दिसेल अशी बसलेली अक्का. आईला ती दोघं अक्काच म्हणत. बादली भरत असेल तेवढाच वेळ अक्का गायची. नळी बंद केली की गाणंही बंद. बाहेर तीच अक्का भाकरी थापताना, धुणं वाळत घालताना, तोंड मिटून असायची. लीलाला लहानपणी कितीतरी दिवस वाटे की गाणं अक्काचं नाहीच, ते पाण्यातूनच येतं.

दुकानाच्या पायरीवर कॉलेजची दोन पोरं उभी होती. एक हसत म्हणाला, "मास्तरला लई हाणलाय की ह्यानं."

"ह्यो रंकाळ्यावरचा नरसू न्हवं? केसवाला?"

"तोच. इचलकरंजीत मागाच्या शेडात रेकॉर्ड केलंय म्हणं. मागच वाजवलाय, तबला न्हाय का काय न्हाय."

दुकानाच्या काचेमागं कॅसेटी रचून ठेवल्या होत्या. वेष्टनावर उलट्या धरलेल्या पाटीचं चित्र आणि नावही तेच: उलटी पाटी. आत दुसरं कडवं सुरू झालं होतं.

'न्हाई' म्हणू नको, 'नाही' म्हण, शिकवितो मला रोज,
नाही नाही म्हणून म्हणून, जिभंला आली सूज.

"बाई, झाली की चप्पल," चांभार दुसऱ्यांदा म्हणाला, तेव्हा लीलानं पाय चपलेत सरकवला आणि ती मंगळवार पेठेच्या दिशेनं चालू लागली. ती मनातल्या मनात पुढच्या कडव्याची वाट पाहत होती, आणि ते येऊ नये म्हणून भराभर पावलं उचलत होती. दुकान मागं पडलं तरी तिला वाटत राहिलं की ते आता येईल. त्या गाण्यात तिसरं कडवं होतं, आणि ते लीलावर होतं. नृसिंहाला ते ठाऊक असणं शक्य नव्हतं. तरी घराच्या पायऱ्या चढताना तिचे कान मागंच लागलेले होते.

घरात अप्पा, तिचे वडील, खिडकीजवळच्या आरामखुर्चीत बसले होते. गणपतराव मास्तर म्हटलं की अजूनही अर्धं शहर वाकून नमस्कार करायचं. एकोणऐंशी वर्षांचे झाले होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, त्यामुळं माणसं त्यांना सावल्यांसारखी दिसत, अक्षरं तर मुळीच नाहीत. पण कान तरुण माणसासारखे. रोज ऑफिसातून आल्यावर लीलानं त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचं, हा गेल्या तीन वर्षांचा नेम. त्या दिवशी तिसऱ्या पानावर खाली चौकट होती, शिक्षकांची बदनामी करणाऱ्या गाण्यांचा मुख्याध्यापकांनी निषेध केल्याची. लीलाची नजर तिच्यावरून घसरली आणि ती एकदम साखर कारखान्याच्या सभेवर गेली.

"मधलं काय सोडलंस?" अप्पांनी विचारलं.

"जाहिरात होती."

त्यांनी मान खिडकीकडं वळवली. रविवार असाच गेला. लीला स्वयंपाक करताना, केस विंचरताना, काही तरी ऐकत होती. मोरी आता नवी होती, फरशी बसवलेली, बंब कधीच मोडीत गेलेला. तरी सकाळी बादलीत पाणी पडायला लागलं की ती नळ बंद करायची आणि थांबायची. काही नसायचं. पुन्हा नळ सोडायची.

मंगळवारी संध्याकाळी वसंतराव आले. अप्पांचे जुने विद्यार्थी, आता स्वतः मुख्याध्यापक. खुर्चीच्या कडेवर बसून, हातातला टाइप केलेला कागद गुडघ्यावर सरळ करत ते म्हणाले, "सर, तुमच्या कानावर घालायला जीभ रेटत नाही. पण गाणारा तुमचा नृसिंह आहे हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. लोक आता तुमच्याकडं बोट दाखवायला लागलेत. आपण कलेक्टरसाहेबांना निवेदन देतोय. कॅसेट दुकानातून उचलावी, आणि त्याला रस्त्यावर गायला बंदी करावी. बापानंच लिहून दिलं की हे सगळं खोटं आहे, की प्रश्न मिटला. चार दिवसांत तो गाव सोडेल."

"कागद ठेवून जा," अप्पा म्हणाले. "उद्या पाच वाजता ये."

"ताईंनी वाचून दाखवला की सही कराल ना, सर?"

"उद्या ये म्हटलं ना, वसंता."

वसंतराव गेल्यावर खोलीत बराच वेळ कुणीच दिवा लावला नाही. लीलाला चार वर्षांपूर्वीची एक दुपार आठवत होती. अक्का गेल्यावर महिन्याभरातच कॉलेज सोडून नृसिंह गोव्याकडं निघून गेला होता. तो तेरा वर्षांनी परत आला, खांद्यावर गिटार, मानेपर्यंत केस, पायांत काही नाही, आणि उंबऱ्याबाहेर उभा राहिला. अप्पांना तेव्हा नीट दिसत होतं. तरी त्यांनी विचारलं होतं, "कोण पाहिजे?" नृसिंहानं लीलाकडं पाहिलं. ती अप्पांच्या खुर्चीमागं उभी होती, खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात ठेवून. हा नरसू आहे, अप्पा, एवढंच म्हणायचं होतं. ती म्हणाली नाही. नृसिंह हसला, "चुकला पत्ता," म्हणाला, आणि जिना उतरला. त्याच्या अनवाणी पायांचा आवाज आला नाही, म्हणून तो नक्की कधी गेला ते तिला कळलंच नव्हतं.

"उद्या रजा टाक," अंधारात अप्पा म्हणाले. "ती कॅसेट आण. ऐकल्याशिवाय मी कशावर सही करत नसतो."

बुधवारी दुपारी खालच्या मजल्यावरच्या शालूबाईंकडून टेपरेकॉर्डर आणला. त्यांच्या मुलानं तो मस्कतहून पाठवलेला. लीलानं तो तिपाईवर ठेवला, कॅसेट घातली, आणि बटणावर बोट ठेवून ती थांबली. तिला स्वतःचं बोट फार लहान दिसलं, बारा वर्षांच्या मुलीचं, शाईनं निळं झालेलं. सातवीच्या निकालाचा दिवस. अप्पांच्याच शाळेत तिचा पहिला नंबर आला होता. अप्पांनी सगळ्यांदेखत खिशातलं स्वतःचं फाउंटन पेन काढून तिला दिलं. घरी येताना ती त्यांच्या शेजारून चालत होती, ते पेन मुठीत धरून, आणि तिला आनंदानं गुदमरल्यासारखं होत होतं. एवढं मोठं काही मिळाल्यावर आपणही अप्पांना काही तरी दिलं पाहिजे असं तिला वाटलं. तिच्याजवळ देण्यासारखं दुसरं काहीच नव्हतं. म्हणून भवानी मंडपाच्या कमानीखालून जाताना ती म्हणाली, "अप्पा, एक सांगू? अक्का मोरीत तुमच्यावर गाणं म्हणते." आणि दोन्ही कडवी तिनं त्यांना म्हणून दाखवली, चालीसकट, शब्द न चुकता, पहिल्या नंबरच्या मुलीसारखी.

त्या संध्याकाळी आतल्या खोलीचं दार लागलं. पट्टीचा आवाज तिला आधीही माहीत होता. त्या दिवशी तो थांबेचना. नृसिंह तेव्हा पाच वर्षांचा, मामाकडं गेला होता, म्हणून घरात ऐकणारी ती एकटीच. दोन दिवसांनी अक्कानं तिला न्हायला बसवलं. शिकेकाईचा फेस डोळ्यांवर आला होता, डोळे उघडता येत नव्हते, केसांतून अक्काची बोटं नेहमीसारखीच मायेनं फिरत होती. बंबाची नळी सोडलेली. आणि पाण्याच्या आवाजात अक्का, अगदी तिच्या कानाशी, हळू म्हणाली:

पोटची लेक त्याच्याच शाळंत, पयला तिचा नंबर,
आईचं गाणं विकून आली, तिला बी द्या की शंभर.

एकदाच. मग नळी बंद केली, कढत पाण्यात थंड मिसळलं, हात घालून पाहिलं, आणि तांब्या तांब्यानं लीलाच्या डोक्यावर ओतलं. त्यानंतर चौदा वर्षं अक्का जगली. मोरीतून पाण्याशिवाय कसलाही आवाज आला नाही. त्या दोघी त्याविषयी कधी बोलल्या नाहीत. लग्नाची बोलणी आली आणि गेली, नोकरी लागली, आणि लीलाला मनातून ठाऊक होतं की आपण एका माणसाचा आवाज बंद केला आहे. ते ती कुठल्या कामात, कुठल्या माणसात विसरू शकली नाही.

तिनं बटण दाबलं. मागांचा खडखडाट खोलीभर पसरला. अप्पा खुर्चीत ताठ बसले होते, हात मांडीवर, डोळे मिटलेले. पहिलं कडवं झालं. दुसरं झालं. मग शब्द संपले आणि नुसती गिटार बराच वेळ भटकत राहिली. दुपारच्या शांततेत तिचे सूर खिडकीतून बाहेर जाऊन कौलांवर उतरत होते असं लीलाला वाटलं. गाणं संपलं तेव्हा तिनं टेप थांबवली. खाली कुणी तरी भांडी घासत होतं.

"चाल चुकलीय," अप्पा म्हणाले.

लीला पाहत राहिली.

"ती इतकं भरभर म्हणत नसे. 'दमत न्हाई'वर थांबायची. तिथं पाणी बादलीच्या काठाशी आलेलं असायचं, नळी बंद करायला हात जायचा, म्हणून थांबायची." अप्पांचा चेहरा खिडकीकडंच होता. "मी बाहेर उभा असायचो. खांद्यावर टॉवेल टाकून. माझा नंबर तिच्यानंतर."

"तुम्हाला माहीत होतं?"

"तू सांगायच्या आधी दोन वर्षं माहीत होतं. रोज ऐकायचो. ऐकल्याशिवाय शाळेला निघालो तर दिवसभर चुकल्यासारखं व्हायचं." त्यांनी दोन बोटं वर केली. "आणि त्यानं दोनच कडवी घेतली. तीन होती."

"दोनच होती, अप्पा."

"तीन होती, लीला. त्या दिवशीही मी दाराशीच होतो."

लीलाच्या पायाखालची फरशी ओली झाल्यासारखी वाटली. एकतीस वर्षं तिनं जे कुणाला कळू दिलं नव्हतं, ते दाराच्या पलीकडं टॉवेल घेऊन उभं होतं. तिनं विचारलं, आणि विचारताना आपला आवाज कुठून येतोय हे तिला कळेना, "माहीतच होतं, तर मग त्या दिवशी तुम्ही अक्काला का मारलंत?"

"तू सांगितलंस म्हणून. तुला माहीत आहे हे मला कळलं. मग मला माहीत नसल्याचं सोंग कसं करणार? मारावं लागलं."

हे त्यांनी अगदी शांतपणे सांगितलं, वर्गात एखादी रीत समजावून सांगावी तसं. लीलाला वाटलं होतं की असं काही कधी ऐकायला मिळालं तर छातीवरचा दगड खाली उतरेल. दगड तिथंच होता. फक्त तो आता तिला नीट दिसत होता, आणि तो सगळाच्या सगळा तिचा नव्हता.

"लागलं नव्हतं, अप्पा," ती म्हणाली. "तुम्ही मारलंत."

अप्पांचा जबडा हलला. मग ते म्हणाले, "वसंता पाच वाजता येईल. कागद दे."

तिनं कागद आणून तिपाईवर ठेवला, पेन त्यांच्या हातात दिलं. पेन्शनच्या कागदांवर, बँकेत, सगळीकडं तीच त्यांचं बोट धरून सहीच्या ओळीवर टेकवत असे. अप्पांनी सवयीनं बोट पुढं केलं आणि ते हवेत तसंच राहिलं.

"कुठं?"

"मी नाही दाखवणार."

"लीला."

"सही तुमची आहे. तुम्हाला वाटेल तिथं करा, नाही तर करू नका." तिनं खुंटीवरची पिशवी घेतली, चपला घातल्या. वसंतराव आले तेव्हा दार नुसतं लोटलेलं होतं, पेन खाली पडलेलं, कागदावर सहीची जागा तशीच कोरी, आणि अप्पा भिंतीकडं तोंड करून झोपल्याचं सोंग घेऊन पडले होते, असं शालूबाईंनी तिला नंतर सांगितलं. हाक मारून मारून वसंतराव निघून गेले. दुसऱ्यांदा आले तेव्हाही अप्पा झोपलेच होते.

रंकाळ्यावर संध्याकाळचं ऊन पाण्यावर पातळ होत चाललं होतं. भेळेच्या गाड्या लागल्या होत्या. काठाच्या दगडी कठड्यावर नृसिंह बसला होता, गिटारची एक तार पिळत, कान तिच्याशी लावून. समोर अजून कुणी जमलं नव्हतं. लीला त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली तरी त्यानं वर पाहिलं नाही.

"बसा की पावणं," तो तारेकडं बघतच म्हणाला. "वेळ हाय अजून."

"नरसू," ती म्हणाली.

त्यानं मान वर केली. केसांत पांढरं आलं होतं. डोळे तसेच, अक्काचे. तो चटकन उठला नाही, हसला नाही, नुसता थोडा सरकला आणि कठड्यावर जागा केली. ती बसली. दोघंही पाण्याकडं बघत राहिली. मग लीलानं सगळं सांगितलं, भवानी मंडपाच्या कमानीपासून शिकेकाईपर्यंत, आणि दुपारपर्यंत. खुर्चीमागं उभं राहून गप्प बसल्याचंही सांगितलं. ते सांगताना तिला सगळ्यात जड गेलं. शेवटी तिसरं कडवं तिनं नुसतं म्हणून दाखवलं, चालीशिवाय, हिशेबाच्या वहीतली ओळ वाचावी तसं.

नृसिंहानं गिटारची तार बोटाखाली दाबून धरली. मग म्हणाला, "मला वाटायचं, माझ्यामुळं बंद झालं. मी मामाकडनं आलो आन् गाणंच न्हाई. म्हटलं, मी गेलतो म्हणून अक्का रुसली. लई वर्षं तसंच वाटायचं मला."

"आता काय करणार हे ऐकून? कॅसेटवर घालणार?"

"मी कशाला? माझं न्हाई ते. माझ्या तोंडात खोटं वाटंल." त्यानं तार सोडली, ती एकदाच वाजली. "तुला म्हणायचं असलं तर बघ, ताई. न्हाईतर राहू दे. दोन कडव्यांचं गाणंबी चालतंय."

निवेदन अप्पांच्या सहीशिवायच गेलं. चार-सहा आठवडे दुकानदारांनी कॅसेटी काउंटरखाली ठेवल्या, एका पोलिसानं रंकाळ्यावर नृसिंहाला दोनदा उठवलं, तिसऱ्यांदा तो स्वतःच ऐकत उभा राहिला. मग गावाला बोलायला दुसरं काही मिळालं. अप्पा आणि लीला एकाच घरात राहत होते, ती त्यांना जेवायला वाढत होती, वर्तमानपत्र वाचत होती, आणि आता एकही ओळ सोडत नव्हती. त्या दुपारविषयी ते एकदाच बोलले. दिवाळीच्या आधी एका सकाळी, टॉवेल खांद्यावर टाकून, ते मोरीच्या दाराशी थांबले आणि म्हणाले, "त्याला सांग, 'दमत न्हाई'वर थांबायचं." लीलानं मान हलवली, मग त्यांना दिसत नाही हे आठवून म्हणाली, "सांगते."

इचलकरंजीला ती एकटीच गेली, एस.टी.नं, सुट्टीच्या दिवशी, माग बंद असताना. नृसिंहाचा मित्र बाबासो हा शेडचा मालक. जाडजूड, कमी बोलणारा जैन गृहस्थ. त्यानं तिला लाकडी खुर्ची पुसून दिली, पाणी दिलं आणि म्हणाला, "ताई, एकच माग चालू ठेवतो. भ्यायचं कारण न्हाई. दमानं म्हणा." शेडात सुताची पूड तरंगत होती. वरच्या काचांतून उजेड तिरपा खाली येत होता आणि त्या उजेडात सगळं थोडं पाण्याखाली असल्यासारखं दिसत होतं: रांगेनं थांबलेले माग, तारा, माइक, नृसिंहाचे अनवाणी पाय. एक माग सुरू झाला. नृसिंहानं दोन कडवी म्हटली, 'दमत न्हाई'वर थांबला, आणि मग तिच्याकडं न बघता नुसती गिटार वाजवत राहिला.

पहिल्यांदा लीलाला सूरच सापडला नाही. दुसऱ्यांदा शब्द आले, पण ते ऑफिसातले, स्वच्छ धुतलेले. 'पयला'चं तिनं 'पहिला' केलं होतं. नृसिंह पुन्हा सुरुवातीपासून वाजवू लागला. तिसऱ्यांदा तिनं डोळे मिटून घेतले. त्रेचाळीस वर्षांच्या त्या बाईच्या घशातून जे आलं ते जाडसर, थोडं फाटलेलं, अक्काच्या माहेरच्या, सीमेकडच्या गावातल्या बायकांच्या हेलाचं होतं. तो हेल तिला कुणी शिकवला नव्हता, आणि तो आपल्यात आहे हे तिला ठाऊक नव्हतं. 'तिला बी द्या की शंभर' म्हणताना तिला रडू येईल असं वाटलं होतं. रडू आलं नाही. उलट त्या ओळीतला टोमणा किती चोख बसवलाय हे तिला प्रथमच कळलं, आणि म्हणता म्हणता तिला हसू आलं. ते हसूही टेपवर गेलं.

बाबासोनं माग बंद केला. शेडात एकदम इतकी शांतता झाली की कानात नुसतं गुणगुणत राहिलं.

"राहू दे हेच," नृसिंह म्हणाला. खिशातून पेन्सिल आणि चुरगळलेला कागद काढून तो मागाच्या चौकटीवर वाकला. "नवी खेप निघंल त्यावर छापायचं हाय. गाणं कुणाचं, नाव काय घालू? मागच्या खेपंला नुसतं पारंपरिक घातलंतं. सरोजिनी घालू?"

अक्काचं सरोजिनी हे नाव अप्पांनी लग्नात ठेवलेलं. फोटोखाली तेच होतं, रेशनकार्डावर तेच. लीलाला मामाकडचं अंगण आठवलं, विहिरीवरून कुणी तरी बाई माहेरच्या नावानं हाक मारत होती आणि अक्का, सासरी कधी न धावणारी अक्का, धावत सुटली होती.

"बाळव्वा," लीला म्हणाली. "बाळव्वा लिही."

त्यानं लिहिलं. मग पेन्सिल तशीच धरून विचारलं, "आन् आडनाव?"

"न्हाई," ती म्हणाली. "एवढंच."